तीस सेकंदांत न मावलेलं वाक्य

ताई तीन महिने केमोला गेलीच नव्हती, हे धाकट्या भावाला कळलं ते रुग्णालयातल्या नर्सबाईंच्या फोनवरून. त्याला ती दर वेळी "जाऊन आले रे" म्हणायची. हातातलं काम टाकून तो तिच्याकडे धावला. ताई खिडकीपाशी बसून कसलासा काढा पीत होती.

"अगं, गाठ वेळेत सापडलीय, बरी होशील, असं डॉक्टर म्हणाले होते ना?"

"होतेच आहे बरी! हे बघ." तिने मोबाइल पुढे केला.

पडद्यावर निळ्या चष्म्याच्या एक बाई हसत सांगत होत्या, "मला कॅन्सर होता. हा काढा घेतला. आज ठणठणीत आहे!"

त्याने मोबाइल तिच्या हातून ओढून घेतला. तो व्हिडिओ संपादनाची कामं करायचा आणि ही जाहिरात त्यानेच कापून जोडली होती! काढा विकणाऱ्या कंपनीला तीस सेकंद हवे होते आणि बाई चार मिनिटं बोलल्या होत्या. मधलं वाक्य होतं, "आधी ऑपरेशन झालं, केमोचे सगळे डोस पुरे केले, मग तोंडाला चव यावी म्हणून हा काढा घेतला." खोकणं, अडखळणं उडवावं तसं त्याने तेही उडवलं. आपण लबाडी करतोय, असं त्याच्या मनातही आलं नाही. असे व्हिडिओ पुढे ढकलताना आपल्या तरी कुठे येतं?

तपासण्या झाल्या. आजार यकृतापर्यंत पोचला होता.

"दावा कंपनीचा होता, मी फक्त कापलं," तो नर्सबाईंना म्हणाला.

"कात्री तुमचीच ना? औषधाच्या डबीवर काय छापायचं याला नियम आहेत, मग मोबाइलमधल्या जाहिरातीला का नकोत? घाबरलेला माणूस पुरावा मागत नाही हो. म्हणून तो आधीच कुणीतरी मागायला हवा!"

त्याने मूळ चित्रीकरण जोडून तक्रार केली. जाहिरात उतरली आणि आठवड्याभरात दुसऱ्या नावाने परत आली. त्याने पुन्हा तक्रार केली. अजून करतोच आहे.

एका दुपारी त्याने ताईला सगळं सांगितलं आणि ती चार मिनिटं दाखवली. तिने ती शेवटपर्यंत पाहिली.

"तूच केली होतीस होय? छान केली होतीस रे. म्हणून तर माझा विश्वास बसला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं! तो तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

मंडळी, रोग्याला सांगायचं ते पूर्ण सांगावं, हे कायद्याने बंधनकारक व्हायलाच हवं. तोवर निदान आपला अंगठा तरी आवरू या. कायद्याची वाट पाहण्याएवढा वेळ ताईला आता नाही.