भिंतीकडचा बाक

बाटल्यांच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर कँटीन होतं. त्यात एक लांबलचक टेबल आणि टेबलाच्या दोन अंगांना दोन बाक, एक खिडकीकडचा, एक भिंतीकडचा. नवा माणूस रिकामी जागा बघून खुशाल बूड टेकवायचा आणि सगळे त्याच्याकडे असे बघायचे, की बिचाऱ्याचा घास घशातच अडकायचा. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन समजावायचं, बाबा रे, इथं बसायचं म्हणजे नुसतं बसायचं नसतं.

भानगड अशी होती. म्हातारपणासाठी दर महिन्याला पगारातून पैसे कापले जायचे आणि ते ठेवायला दोन जागा होत्या. एक शेअरचा फंड, एक सुरक्षित फंड. फंडांची नावं कागदावर चांगली हातभर होती, पण कारखान्यात त्यांना गच्ची आणि तळघर म्हणत. गच्चीवर ऊन चांगलं लागतं, पण वादळ आलं की पहिलं तिथलंच उडतं. तळघरात काही उडत नाही आणि काही वाढतही नाही. वरून खाली किंवा खालून वर पैसे हलवायची मुभा वर्षातून दोनदा. ज्याचे पैसे गच्चीवर तो खिडकीकडे बसायचा, ज्याचे तळघरात तो भिंतीकडे.

आणि यावर बोलायचं नाही, हा नियम. फार पूर्वी एकाने दुसऱ्याला सल्ला दिला होता, तो अंगाशी आला आणि दोघांची चांगली जुंपली. एकाचा दात गेला, दुसऱ्याची बढती. तेव्हापासून ठरलं, विचारायचं नाही, सांगायचं नाही, फक्त आपापल्या बाकावर बसायचं. बघणाऱ्याने बघावं आणि काय करायचं ते करावं. उद्या बुडालात तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायला नको.

आता बघणारे सगळे एकाच माणसाकडे बघत. तो बाटल्या तपासायचा. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि एखादीत केसाएवढी चीर असली तरी याचा हात बरोबर तिच्यावर पडायचा. तपासनीस म्हणायचे त्याला. पण एका वर्षी बाजार गडगडायच्या जेमतेम आधी हा उठून भिंतीकडे जाऊन बसला, आणि बाजार सावरायला लागला तसा परत खिडकीकडे. झालं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं वेधशाळा. तो कुठे बसतो ते बघून माणसं पैसे हलवायला ऑफिसातल्या पेन्शनबाईकडे रांग लावायला लागली.

खरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. खरी वेधशाळा त्याच्या घरी होती. तेव्हा बायको त्याला म्हणाली होती, "रात्रभर कूस बदलत असता. ते पैसे खाली आणा आणि मला झोपू द्या." त्याने आणले. काही महिन्यांनी म्हणाली, "आता घोरता छान. न्या हवं तर वर." त्याने नेले. एका बाईच्या झोपमोडीवर अख्खा कारखाना पैसे हलवतो, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय वेधशाळा म्हणवून घ्यायला गोड वाटायचं. माणूसच होता तो.

बायको त्याच रस्त्यावर एका दुकानात शिवणकाम करायची. तिचं काम आधी सुटायचं. मग ती कारखान्यासमोरच्या बसथांब्यावर येऊन उभी राहायची, दोघांनी मिळून घरी जायचं म्हणून. पाळी संपली की हा वर चहाला बसलेला असायचा, खिडकीला चिकटून. तिथून खाली वाकलं की थांबा दिसायचा. ती दिसली की तो कप वर करून दाखवायचा, एक मिनिट. ती खालून मान हलवायची. चहा आणि गप्पांत ते एक मिनिट चांगलं ऐसपैस व्हायचं. एक बस जायची, कधी दुसरीही जायची. ती कधी रागावली नाही. रागावायला हवं होतं, असं त्याला नंतर वाटायचं.

तिचं दुखणं निघालं ते शेवटचंच निघालं. रजा संपवून तो कामावर आला तेव्हा बाजाराचीही कंबर मोडलेली होती. रोज नवी घसरण, रोज पेपरात लाल आकडे. माणसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खाली यावं की वरच थांबावं, कुणाला काही सुचत नव्हतं. सगळे वेधशाळा परत येण्याची वाट बघत होते आणि याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याने पेपर उघडून बघितलेला नव्हता.

पहिल्या दिवशी तो सवयीने खिडकीकडे बसला. चहा आला. त्याने खाली बघितलं आणि कप घेतलेला हात आपसूक वर गेला. थांब्यावर कुणी अनोळखी मुलगी उभी होती. तिने वर बघितलं आणि मान फिरवली. तो उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि भिंतीकडच्या बाकावर बसला. तिथून खिडकीत फक्त आभाळ दिसायचं. बाकाला काही अर्थ असतो, हे त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

टेबलावरच्या सगळ्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी भट्टीवाला त्याच्या शेजारी येऊन बसला. हा भट्टीवाला त्याचा जुना दोस्त, बरोबरीने कामाला लागलेला, वितळलेल्या काचेसमोर उभं राहून कातडी तांबूस झालेला. मग पॅकिंगमधले आले, साचेवाला आला. महिना संपेपर्यंत भिंतीकडच्या बाकावर दाटीवाटी झाली आणि खिडकीकडे चार टाळकी उरली.

तपासनिसाचे डोळे भरून यायचे. आपली बायको गेली, आपण तिकडून उठलो, तर ही माणसं मुकाट्याने आपल्यापाशी येऊन बसली. एकानेही कोरडं सांत्वन केलं नाही, नुसता खांद्याला खांदा लावला. भट्टीवाला तर डब्यातलं अर्धं न विचारता त्याच्यापुढे सारायचा. घरी गेल्यावर भिंती खायला उठायच्या, पण दुपारच्या त्या बाकाच्या जोरावर त्याने कितीतरी दिवस काढले. आपल्याला माणसं आहेत, असं तो स्वतःशी म्हणायचा.

एका सुट्टीच्या दिवशी भट्टीवाल्याची बायको त्याच्याकडे आली. एकटीच, हातात डबा. जिना चढताना ती कठड्याला धरून, पायरी चाचपत चढली. वहिनींची नजर उतरत चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, हळूहळू सगळंच जाईल, दोन वर्षं म्हणा, फार तर तीन. म्हणून भट्टीवाल्याने ठरवलं होतं, या वर्षी काम सोडायचं, निवृत्तीचे पैसे घ्यायचे आणि दिसतंय तोवर तिला जे बघायचंय ते दाखवायचं. तिला डोंगरावरचा बर्फ बघायचा होता. लांब राहणाऱ्या लेकीकडे जाऊन नातवाचा चेहरा पाठ करायचा होता.

डबा रिकामा करून झाला, इकडचं तिकडचं बोलून झालं.

"भावजी, एक विचारू? विचारायचं नसतं म्हणतात, पण मी काही कारखान्यातली नव्हे."

"विचारा की, वहिनी."

"तुम्ही खिडकीकडे कधी बसणार?"

त्याला वाटलं, माउली आपल्याला सावरायला आलीय. तो म्हणाला, "अजून नाही जमत हो. तिकडे बघवत नाही."

"हे पण अजून नाहीच म्हणतात. वेधशाळा तिकडे बसल्याशिवाय हलायचं नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पण बाजार तर केव्हाचा वर निघालाय म्हणतात सगळे. तुम्ही भिंतीकडे बसलात तसे यांनी सगळे पैसे खाली आणले. तेव्हा पार तळ गाठला होता. जे गेलं ते गेलंच. आता या वर्षातली एकच खेप उरलीय, म्हणून तुमची वाट बघतायत. कामाचा राजीनामा मागे घेतला त्यांनी. तुम्ही रागावू नका, पण मला थोडी घाई आहे. तुम्हाला माहीतच आहे."

तपासनिसाला सगळं एकदम दिसलं, पडद्यासमोर चीर दिसावी तसं. ती दाटी, ते मुकाट बसणं, तो अर्धा डबा. "उद्या बोलतो त्याच्याशी," एवढंच तो म्हणाला आणि वहिनींना हाताला धरून खालपर्यंत सोडून आला.

सकाळी तो आधी पेन्शनबाईच्या खिडकीशी गेला. माझे पैसे कुठे आहेत, असं विचारल्यावर बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठे म्हणजे? गच्चीवर. तुम्ही हलवलेत कधी? पडले, परत चढले. उलट आधीपेक्षा बरेच आहेत. अख्खा भिंतीकडचा बाक येऊन गेला माझ्याकडे, तुम्ही सोडून. मला वाटलं, वेधशाळेला आपलं काही वेगळं दिसत असेल."

त्याला शरम वाटली. ज्याच्याकडे बघून सगळे उतरले, त्याचेच पैसे वर राहिले होते. आणि ते खर्चायला घरात आता माणूस नव्हतं.

भट्टीपाशी बोलणं म्हणजे ओरडणं. यंत्रांचा खडखडाट, ज्वाळांचा घोंघाट. जे आजवर हळू आवाजातही कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला भट्टीवाल्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं.

"बाजाराचं काही नव्हतं! खिडकीतून थांबा दिसतो. ती उभी राहायची तो थांबा. म्हणून उठलो मी."

भट्टीवाल्याने हातमोजे काढले. मदतनिसाला खूण करून तो त्याला बाहेर रिकाम्या खोक्यांपाशी घेऊन गेला. बराच वेळ घाम पुसत राहिला.

"म्हणजे तू पैसे हलवलेच नाहीस."

"नाही."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यासाठी येऊन बसलात."

भट्टीवाल्याची मान खाली गेली. "पैशासाठी बसलो रे. खोटं कशाला बोलू." मग म्हणाला, "पण चहा पिताना तुझा खांदा हलायचा. माझ्या खांद्याला कळायचं ते. रोज वाटायचं, विचारावं याला, काय होतंय. म्हटलं, विचारलं तर बाजाराचंच विचारल्यासारखं होईल."

तपासनीस म्हणाला, "माझे घे. मला काय करायचेत."

"वेडा आहेस का? मी काय माझ्या बायकोला तुझ्या बायकोसाठी ठेवलेल्या पैशाने बर्फ दाखवू?" तो रागावला होता, त्याच्यावर, स्वतःवर, कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने तपासनिसाच्या पाठीवर हात ठेवला आणि आत निघून गेला.

त्या महिन्यात भट्टीवाल्याने उरलेली खेप वापरली. अर्धे वर नेले, अर्धे खाली ठेवले, कुणाच्या बाकाकडे न बघता. तरी गेलेलं भरून यायला निदान दोन वर्षं भट्टीसमोर उभं राहावं लागणार होतं. दोन वर्षं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तपासनीस परत खिडकीकडे जाऊन बसला. बसवत नव्हतं, तरी बसला. त्याने टेबलापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की बाबांनो, माझ्याकडे बघू नका, मला काही कळत नाही, कधीच कळत नव्हतं, जे कळायचं ते माझ्या बायकोला कळायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि महिनाभरात निम्मे लोक पैसे वर नेऊन खिडकीकडे आले. त्याने हात टेकले.

वहिनी आता संध्याकाळी थांब्यावर यायला लागल्या. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा येता-जाता रस्ता तरी बघते, म्हणायच्या. कडेकडेने, कुंपणाला हात लावत यायच्या आणि थांब्याच्या खांबाला धरून उभ्या राहायच्या.

त्या दिवशी चहा नुकताच आला होता. पलीकडे बाजार चढला की उतरला यावर कुजबुज चालली होती. तपासनिसाच्या शेजारी खिडकीकडे बसलेल्या भट्टीवाल्याने खाली वाकून बघितलं, कप उचलला आणि खिडकीत वर करून दाखवला, एक मिनिट म्हणून.

तपासनिसाने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"ऊठ."

"अरे, दोन घोट तर घेऊ दे."

"तिला इथवरचं दिसत नाही आता," तपासनीस म्हणाला. "माझीला दिसायचं. ती मान हलवायची आणि मी बसून राहायचो. ऊठ, जा."

भट्टीवाला डबा उचलून जिन्याकडे गेला, आधी चालत, मग धावत.

खाली तो रस्ता ओलांडून गेला. वहिनींनी पावलं ओळखली असावीत, कारण त्यांनी आधीच हात पुढे केला होता. बस यायला वेळ होता. दोघं एकमेकांना धरून उभे राहिले, आणि भट्टीवाला तिला बोट दाखवून समोरचं काही सांगत होता, दुकानाची पाटी असेल, नाहीतर आभाळ. वर त्याचा चहा निवत गेला. तपासनीस बस येईपर्यंत खाली बघत होता. त्याचा खांदा हलत होता, आणि या वेळी शेजारच्या साचेवाल्याने विचारलं, "काय होतंय रे?"