खंडेनवमीनंतरचे स्फटिक

महाप्याच्या संशोधन संस्थेत पीएचडी करणारी मैत्री काही वर्षं एकच गोष्ट सिद्ध करत होती: तिच्या कार्बन नायट्राइडच्या थरात अणूंना शिस्त नसते. कार्बनच्या जाळ्यात थोडा नायट्रोजन घुसवला तर मुकाट बसतो, जास्त घुसवला की जाळंच उसवतं. म्हणून क्ष-किरणांच्या आलेखात स्फटिकाची टोकं न येता एक पसरट फुगवटा यायचा, पोट सुटलेल्या माणसासारखा. प्रबंध त्याच फुगवट्यावर उभा होता.

तिचे मार्गदर्शक रणजीत सर. त्यांना फुगवटा नको, स्फटिक हवा होता, हिऱ्याहून कठीण. त्यांच्या भाषणांत तो केव्हाच तयार झाला होता.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. मैत्रीच्या बौद्ध घरात हे नसतं, ती कॅन्टीनला गेली. टेक्निशियन दिलीपनं क्ष-किरण यंत्राचं दार उघडून आत रांगोळी घातली. मैत्रीचा नमुना आतच होता.

दसऱ्यानंतरच्या आलेखात सुयांसारखी टोकं आली. सरांनी पेढे वाटले.

"सर, ही रांगोळी आहे. दळलेला दगड. टोकं त्याची आहेत."

"तू पूजेला नव्हतीस ना, तुला रांगोळीच दिसणार."

दिलीप खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी हात झटकले होते."

"कुठे?"

"तिथंच."

मैत्रीनं नमुना नळाखाली धुतला, पुसला, परत लावला. फुगवटा आला.

"धुतल्यामुळे स्फटिक गेले," सर म्हणाले.

"हिऱ्याहून कठीण, आणि नळाच्या पाण्यानं गेले?"

"एमआयडीसीचं पाणी आहे ते. काहीही करतं."

तिनं कोऱ्या काचेवर चिमूटभर रांगोळी ठेवून आलेख काढला. तीच टोकं, त्याच जागी.

सरांनी नीट पाहिलं. "म्हणजे काचेवरही बनतंय."

सर खोटं बोलत होते असंही नाही. त्यांना मनापासून पटलं होतं, हे जास्त घाण.

"पेपर आज जाणार, तुझं नाव पहिलं. आणि प्रबंधातलं 'अस्फटिकी' काढ, नाहीतर माझी सही विसर."

"पेपरातलं माझं नाव काढा. अस्फटिकी राहणार."

"मग दुसरा गाईड बघ."

"बघते."

या विषयाला संस्थेत दुसरा गाईड नव्हता. दोघांनाही ते ठाऊक होतं.

मैत्रीनं तिन्ही आलेख छापले: न धुतलेला, धुतलेला आणि नुसत्या रांगोळीचा. प्रत्येकाखाली आपली सही केली आणि ते सरांच्या दारावर लावायला घेतले. चिकटपट्टी दिलीपनं तोडून दिली.