माझ्या अंगावरच्या सुया

मी काचेची स्लाइड बोलतेय. हसू नका, बोटभर काचेलाही आयुष्य असतं, आणि माझं तर असं गाजलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही!

कारखान्यातून आले तेव्हा मी अगदी कोरी होते. मग एका सकाळी पोहायला शिकवणाऱ्या एका कोचच्या कमरेच्या हाडातली थेंबभर मज्जा माझ्यावर पसरली आणि मला जांभळ्या रंगाने न्हाऊ घातलं. कोचची पाठ महिनोन्‌महिने दुखत होती. "पाण्यात उड्या मारायचं वय राहिलंय का तुमचं?" असं बायको रागवायची. आता ती बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघत बसली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली मला आधी तरुण डॉक्टरने पाहिलं. पेशींच्या पोटात सुईसारखे बारीक बारीक कण, सुयाच म्हणा ना! तो उठलाच. "मॅडम, हा रक्ताचा तीव्र कॅन्सर. अशा सुया त्यातच दिसतात. उद्याच औषध सुरू करायला हवं."

माझा जीव टांगणीला लागला. सुया खऱ्या होत्या, पण पेशी त्या आजाराच्या नव्हत्याच. म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आणि तेही असं जहाल की कोच त्यातून उठला नसता. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठे?

विभागप्रमुख मॅडम हातातला चहा ठेवून बसल्या. "सुया राहू देत. बाकीची पेशी बघितलीस?" मला हळूहळू सरकवत त्या पुटपुटल्या, "केंद्रक एका कडेला, शेजारी फिकट जागा. अरे, ही तर प्रतिपिंडं बनवणारी प्लाझ्मा पेशी दिसते."

मग त्याच मज्जेच्या दुसऱ्या स्लाइडला, माझ्या सख्ख्या बहिणीला, वेगळा रंग दिला. तीव्र कॅन्सरच्या सुया त्यात रंगतात. या मुळीच रंगल्या नाहीत! रक्तातल्या प्रथिनांच्या तपासणीनेही तीच साक्ष दिली. आजार होता मल्टिपल मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, पण असल्या सुयांचा मायलोमा मॅडमही पहिल्यांदाच पाहत होत्या. कोचचं ते जहाल औषध टळलं! मला तर आनंदाने तडकायची भीती वाटली.

"मी सुयांनाच भुललो," तरुण डॉक्टर म्हणाला.

"मीही भुलले होते रे, घटकाभर. जा, बाहेर त्यांच्या बायकोला सांग."

आता मी विद्यार्थ्यांना दाखवायच्या पेटीत असते. परवा कोच स्वतः आला. आजार ताब्यात आहे, औषधं चालूच आहेत. सूक्ष्मदर्शकातून मला बघायचा त्याने हट्टच धरला.

"काय दिसतंय?" बायकोने विचारलं.

"सुया दिसायला छान आहेत गं." मग हळूच माझ्याकडे वाकून म्हणाला, "तुम्ही इथेच राहा हं. घरी येऊ नका."

कोच, माझ्या अंगावरच्यांना मी सोडत नाही. तुमच्या हाडात कुणी उरल्या असतील, त्यांच्यासाठी तेवढं औषध चुकवू नका.