पूर्वेला सांगितलेली खाण

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. कुको ब्राकामोंतेने लग्नाच्या वर्षी मला मेस्कीटच्या लाकडातून कोरले, ते बायकोला कणीक मळायला म्हणून. पण एके दिवशी त्याने मला उचलले आणि सोनोराच्या वाळवंटात सोने पाखडायला नेले. त्यावरून त्याच्या बायकोने, लालाने, त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

तिथे सोने धुवायला पाणी कुठले? वारा सुटला की कुको माझ्यात वाळू घेऊन मला झुलवायचा. हलकी माती उडून जायची, जड ते तळाशी राहायचे. बहुतेक वेळा खडेच. कधीतरी मोहरीहून बारीक पिवळा कण दिसे, आणि त्याचा चेहरा असा खुले की मलाही बरे वाटे. एवढ्याशा कणासाठी माणूस इतके का चालतो? मला तेव्हाही नवल वाटे, अजून वाटते.

आमच्याकडच्या सोने शोधणाऱ्यांची एक रीत होती. खड्डा पश्चिमेला असला की पूर्व सांगायची, म्हणजे कोणी माग काढत येत नाही. सगळेच थापा मारत आणि सगळ्यांना ते ठाऊक असे, म्हणून कोणी राग धरत नसे.

एका उन्हाळ्यात कुकोला पश्चिमेच्या टेकड्यांत सोन्याची बारीक शीर सापडली. खोल खोदताना कड ढासळली, तो आत पडला आणि त्याचा पाय मोडला. मी वर काठावर होते. तो बराच वेळ हाका मारत राहिला. मग थांबून हळूच म्हणाला, "लालाला मी पूर्व सांगितलीय."

मला पाय असते तर मी धावत गेले असते.

गावात काय घडले ते मला फार नंतर कळले. कुको परतला नाही तेव्हा माणसे पाणी घेऊन निघाली. म्हातारे म्हणाले, पूर्व सांगितलीय ना, मग चला पश्चिमेला. लाला आडवी आली.

"थापा तुम्हाला मारतो तो. मला कशाला मारेल?"

तिच्या शब्दाला मान देऊन सगळे पूर्वेला गेले.

मी उन्हात तडकत पडून राहिले. माझ्याखाली एका पालीने संसार थाटला. काही वर्षांनी नेमेसिओ नावाच्या धनगराची शेळी तिकडे भरकटली आणि त्याला मी दिसले, खड्ड्यातली हाडेही दिसली. त्याने मला लालाकडे आणले. कुठे सापडली, हे ऐकल्यावर ती मला मांडीवर घेऊन बसून राहिली.

"मी काय त्याचं सोनं चोरणार होते?" ती म्हणाली, आणि मग खूप रडली.

तोवर कुकोची खाण दूरवर गाजली होती. खाणीत इतके सोने की माणूस घरची वाट विसरला, असे लोक सांगत. आजही कोणी ना कोणी दारात येऊन खाण कुठे म्हणून विचारतो. लाला खरे तेच सांगते: पश्चिमेला, साधा खड्डा आहे, आत असलेच तर चिमूटभर सोने. पाहुणे एकमेकांना डोळा मारतात. सोनेवाल्याची बायको खरे सांगेल होय? आणि ते पूर्वेची वाट धरतात. मग ती प्रत्येकाला थांबवते.

"सोन्याचं राहू दे. तू कुठं निघालायस ते घरी खरं सांगून आलायस का?"

बहुतेक जण टोपी चाचपत आल्या वाटेकडे बघतात.

मित्रांनो, सोने खुशाल लपवा. पण स्वतः कुठे जाता ते घरात एकाला तरी खरे सांगा. तुम्ही परतला नाहीत तर तेच माणूस पाणी घेऊन निघेल, आणि तुम्ही सांगितलेल्या वाटेनेच जाईल.