उदगीरच्या स्टँडवर भरलेली ओटी

लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि आमच्या जळकोटाकडे दुष्काळ ठाण मांडून बसला होता. त्या उन्हाळ्यात माझी नणंद, गुरम्माअक्का, आली.

"लातूरला साहेबलोकांचे नवे बंगले झालेत," ती म्हणाली. "रुद्राणीनं बाईचं लेकरू सांभाळायचं आन् साळंतबी जायचं."

मला शंका आली नाही. माझ्या रुद्राणीची पहिली अंघोळ अक्कानंच घातली होती. येळवशीच्या सणाला आंबलीनं भरलेलं बिंदगं डोक्यावर घेऊन शेताकडे निघायची ती अक्का, आणि तिचा पदर धरून मागं ही पोर. अजून डोळ्यांपुढं दिसतं.

निरोप द्यायला मी आणि आमचे मालक, रुद्राणीचे बाप, उदगीरच्या स्टँडपर्यंत गेलो. मी पाणी आणायला गेले. परत आले तर अक्का वाकून रुद्राणीच्या परकरात तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घालत होती. डोळे भरलेले.

"अक्का, कुंवार पोरीची ओटी भरायलात?" मी हसतच विचारलं.

तिचा हात तिथंच थांबला. ओटी सासरी निघालेल्या लेकीची भरतात. माझं हसू गेलं.

"कुणाला दिली माझी लेक?"

"वरडू नको गं. घर लई चांगलं हाय, हैदराबादचं. नवरदेव जरा थोराड हाय. पन पोर पोटभर खाईल. तशीच मोकळी पाठवायला मन झालं न्हाई."

"ह्यांना कळलं तर तुमचं तोंड बघनार न्हाईत!"

"त्यालाच इचार की."

मालक गाड्यांच्या पाट्या वाचत उभे होते. लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोटही न घेणारा माणूस. मान वळवेनात.

"तुमाला ठाव होतं?"

"घरी चल, बोलू. लोक बघायलेत."

"बघू द्या."

मी रुद्राणीचा दंड धरला आणि माझ्या माहेरच्या, देवणीच्या गाडीत चढले. परकरातले तांदूळ सांडत आले.

मालक खिडकीशी आले. वाटलं, चुकलं म्हणतील.

"भाकरी कोन करंल?"

"तुमची अक्का हाय की."

गाडी हलली. "मला साळंत जायचंय! आत्यासंग जायचंय!" रुद्राणी मागं बघत हंबरडा फोडत होती. तिला काय सांगणार? देवणीच्या शाळेत मी तिचं नाव घातलं, तरी कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या लेखी फसवणारी मीच होते.