धीम्या शर्यतीतली माझी धडधड

मित्रांनो, लखनौच्या विकास नगरात एका दुमजली घराच्या जिन्याखाली लाल टाकीची एक मोटरसायकल उभी असते. ती मी! अंगाने लहान, वयाने आता बरीच मोठी. पण माझ्याकडे बघून कुणी हळहळू नका. या जानेवारीत मी एक शर्यत धावले, आणि ती आठवली की आजही माझा पिस्टन उड्या मारू लागतो. ती गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. पण आधी थोडं मागचं सांगते.

कारखान्यातून बाहेर पडून, ट्रकच्या पोटात दोरखंडांनी बांधलेली अशी मी लखनौला आले. मला घरी नेलं ते शामरावांनी. ते मूळचे अकोल्याचे, इथे रेल्वेच्या सिग्नल विभागात इंजिनिअर. त्यांच्या पत्नी गयाबाई यांनी माझ्या हँडलला निळी रिबन बांधली आणि म्हणाल्या, "रंग काय सुरेख आहे हो!" त्या एका वाक्यावर मी कित्येक महिने धावले.

काय ते दिवस होते! सकाळी शामरावांना घेऊन ऑफिस, संध्याकाळी गयाबाईंना घेऊन शेजारच्या महानगर भागातला बाजार. एका किकमध्ये मी जागी व्हायची. शामराव शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचे, "हमारी गाड़ी ने आज तक रास्ते में धोखा नहीं दिया." पुढे ते निवृत्त झाले, गुडघे कुरकुरू लागले आणि मी त्यांच्या मुलीकडे, दीप्तीकडे आले. दीप्ती शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या भावाने, प्रफुल्लने, स्वतःसाठी चकचकीत विजेची स्कूटर घेतली. ती मला जराही आवाज न करता ओलांडून जायची. मला तेव्हा फार एकटं वाटायचं. पण दीप्ती होती, रस्ता होता, आणि काय हवं?

मग या हिवाळ्यात मी आजारी पडले.

आजार मोठा विचित्र होता. धावताना मी ठणठणीत! पण सिग्नलला थांबले, दीप्तीने अॅक्सिलरेटर सोडला, की माझं मलाच काही कळेनासं व्हायचं. कधी रेस आपोआप चढायची आणि मी किंचाळत सुटायची. कधी एकदम दम तुटायचा आणि मी बंद. आजूबाजूचे लोक वळून बघायचे. दीप्तीचा चेहरा लाल व्हायचा, आणि माझी टाकी तर होतीच लाल!

रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने माझा एक स्क्रू पिळला आणि रेस वाढवून दिली. "अब बंद नहीं होगी, मैडम." खरंच बंद पडले नाही, पण दिवसभर ओरडत राहिले. दीप्तीने घरी येऊन तो स्क्रू पुन्हा सैल केला. दुसऱ्या दिवशी लखनौच्याच कपूरथला चौकात मी ऐन मधोमध बंद पडले. मागे बस होती. ती कचकन थांबली, अगदी माझ्या नंबरप्लेटला टेकायच्या बेतात. दीप्तीच्या मागे गयाबाई बसल्या होत्या. त्यांनी हातातली भाजीची पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

घरी आल्यावर गयाबाईंनी शामरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ही गाडी आता घरात नको."

"सही बात है," प्रफुल्ल लगेच म्हणाला. "एक्सचेंज में दे देते हैं. मैं बात कर लूँगा."

"बाबा, ती दुरुस्त होईल," दीप्ती म्हणाली. "मी सव्वीस जानेवारीच्या धीम्या शर्यतीत नाव दिलंय. हिच्यावरच."

ही धीमी शर्यत आमच्या कॉलनीत दरवर्षी होते. तिचा नियम उलटा असतो. जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकला. पाय जमिनीला लागला की बाद, पट्ट्याबाहेर गेलं की बाद, गाडी बंद पडली की बाद. आता सांगा, माझ्यासारखीने त्यात काय करायचं? आजवर त्यात बाईमाणूस कधी उतरलं नव्हतं. दरवर्षी जिंकायचे शेजारचे हरिहर भैया, आपल्या भारदस्त काळ्या मोटरसायकलवर.

"शर्यतीत बंद पडली तर द्या तिला," दीप्ती म्हणाली. "आणि नाही पडली तर?"

शामरावांनी मुलीकडे रोखून पाहिलं. "नाही पडली, तर राहील."

मग काय! रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात माझा दवाखाना उघडला. शामराव खुर्ची टाकून बसले. राग होता, तरी बसले. "प्लग बघ आधी," ते म्हणाले. दीप्तीने प्लग काढून साफ केला. काही फरक नाही. मग तिने माझा कार्बोरेटर उघडला. त्यातल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जेटमध्ये, कचरा अडकला होता. तो निघाला आणि मी सुरू झाले ती इतकी गोड, की दीप्तीने टाळ्याच वाजवल्या. "बाबा, झालं!"

पण इंजिन तापलं आणि पुन्हा तेच. रेस चढली, चढली, आणि फट्कन बंद.

"सांगितलं होतं," शामराव पुटपुटले. पण आता ते खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते. "थांब. थंड असताना बरी, गरम झाली की बिघडते. म्हणजे गरम झाल्यावर काहीतरी उघडतंय."

दीप्ती एकदम वळली. "आणि रेस चढते म्हणजे हवा जास्त जातेय. बाबा, हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय! आई, कपड्यांना इस्त्री करताना पाणी फवारतेस ती बाटली दे ना!"

"गाडीला इस्त्री करतेस का आता?" गयाबाई बाटली घेऊन धावतच आल्या.

मी सुरू होते, तापलेली, किंचाळत. दीप्तीने जिथे जिथे जोड होते तिथे पाण्याचा फवारा मारला. जिथून हवा शिरत असेल तिथून पाणीही शिरेल आणि माझा आवाज बदलेल! इथे काही नाही. तिथेही काही नाही. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर फवारा पडला आणि माझा आवाज गचकन खाली आला, मी ठसकले!

"परत मार!" शामराव उठून उभे राहिले, गुडघे विसरून. दीप्तीने परत फवारा मारला. मी परत ठसकले.

जोड काढून वाकवला तर खालच्या बाजूला केसासारखी बारीक चीर. मी तापले की ती उघडायची. मित्रांनो, इतके दिवस मला बेभरवशाची म्हणत होते ना सगळे? मला नुसती धाप लागत होती! नवा रबरी जोड बसला. मग इंजिन नीट तापवून, शामराव कान लावून आणि दीप्ती स्क्रू हळूहळू फिरवत, दोघांनी मिळून माझा सूर लावला. टुक, टुक, टुक.

सव्वीस जानेवारी उजाडला. मैदानावर चुन्याचे पट्टे आखले होते, माइकवर गाणी चालली होती. हरिहर भैयांनी मला पाहून हसून विचारलं, "दीप्ती मैडम, स्कूटी नहीं लाईं?"

"आज यही चलेगी, भैया."

शिट्टी वाजली! दीप्तीने क्लच अर्धा सोडला, मागचा ब्रेक किंचित दाबला आणि आम्ही गोगलगाईसारख्या निघालो. एकाची गाडी झटका खाऊन पुढे पळाली. एकाचा पाय टेकला. एकाची बंदच पडली आणि लोक हसले. मैदानाच्या मध्यावर उरलो आम्ही दोघीच, मी आणि ती काळी भारदस्त गाडी.

आणि मी तापले. अर्ध्या क्लचवर इतका वेळ रांगले की अंगातून वाफा निघतील असं वाटलं. इथेच माझी रेस चढायची. इथेच दम तुटायचा. दीप्तीचे हात माझ्या हँडलवर घट्ट झाले.

"क्लच! क्लच सोडू नको!" शामराव ओरडले.

टुक, टुक, टुक. मी चढले नाही. मी पडले नाही. हरिहर भैयांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून आमच्याकडे पाहिलं, गाडी डगमगली आणि त्यांचा बूट धुळीत टेकला!

मग मैदानात मी एकटीच उरले. सावकाश, अगदी सावकाश, मी शेवटच्या रेघेवरून गेले. माइकवरचा माणूस ओरडत होता, "सबसे आख़िर में आईं और सबसे आगे रहीं!" गयाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. प्रफुल्ल धावत आला. "दीदी! यार, क्या गाड़ी है!" हरिहर भैयांनी स्वतः येऊन माझ्या टाकीवर थाप मारली.

शामराव सगळ्यात शेवटी आले. दीप्तीला म्हणाले, "मला बसव ना मागे. जरा लांब जाऊ."

वडील मुलीच्या मागे बसले, पहिल्यांदाच. शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुलली होती. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, बंद होतं. दीप्तीने मला बंद करायला चावीकडे हात नेला.

"थांब," शामराव म्हणाले. "मिनिटभर चालू राहू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी गाडी, पंखा, शिलाई मशीन असेल. तिचा आवाज बदलला तर लगेच तिला दाराबाहेर काढू नका. आणि नुसता स्क्रू पिळून तिला ओरडायलाही लावू नका. जवळ बसा. ती थंड असताना ऐका, गरम झाल्यावर ऐका. बिघाड कुठे आहे ते आम्ही आमच्या परीने सांगतच असतो.

आगगाडी धडधडत निघून गेली. तिचा आवाज दूर विरला तरी मी आपली चालूच होते, एका लयीत. शामरावांनी दीप्तीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," ते म्हणाले. "तुझी शाळा दाखव मला."