शर्टावरची निळी रेघ

डाग दिसला की लाँड्रीवाल्याच्या हाताला खाज सुटायची. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी यजमानाच्या तोंडाआधी त्याची नजर पडद्यावर जायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्याची बायको म्हणायची, यांची मेल्यावरही जायची नाही, अंगावरच्या चादरीचा डाग काढायला उठून बसतील.

मुलगी झाली तेव्हाच तिचा डावा खुबा ढिला निघाला. मांडीच्या हाडाचा गोल खोबणीत नीट बसत नव्हता. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पट्टे चढवले: छातीभोवती एक, खांद्यांवरून दोन आणि पाय बेडकासारखे दुमडून धरणारे खाली. गोल खोबणीत टेकून राहिला की खोबण आपोआप खोल होत जाते, असं त्या म्हणाल्या. मग दर आठवड्याला तपासणी सुरू झाली. पट्टा कुठवर ओढायचा तिथे सिस्टर निळ्या मार्करने खूण करायच्या आणि निघताना न चुकता बजावायच्या, "पट्टे सोडायचे नाहीत. आणि बाळ दोन्ही पाय झाडतंय ना, ते बघत राहायचं. पट्टा जास्त आवळला तर नस दबते, पाय गप्प होतो."

पाय झाडण्यात मुलगी कुणाला ऐकणारी नव्हती. बांधलेल्या पायांनीही ती बापाच्या पोटात अशी लाथ हाणायची की घेतलेला चहा वर यायचा.

बायको शाळेत खेळ शिकवायची. तिचा आवाज असा होता की मैदानावर शिट्टी लागत नसे. रजा संपवून ती पहिल्यांदा कामावर निघाली, तेव्हा दारातून म्हणाली, "अहो, पोरीला फक्त सांभाळा. बाकी काही करू नका. काही म्हणजे काहीच."

तो पोरीला घेऊन लाँड्रीच्या दुकानात बसला आणि दुपारपर्यंत त्याने खरोखरच काही केलं नाही. मग मुलीने दूध ओकलं आणि ते डाव्या पट्ट्यावर सांडलं. त्याने ओल्या फडक्याने टिपलं. टिपता टिपता शेजारी निळा ठिपका दिसला. पांढऱ्या पट्ट्यावर शाईचा डाग! पुढचं सगळं हातांनी केलं, डोकं त्यात नव्हतंच. पोरीच्या अंगाला स्पिरिट लागू नये म्हणून त्याने तो पट्टा सोडून अलगद बाजूला घेतला, खाली टॉवेलची घडी ठेवली, कापसाचा बोळा फिरवला. पट्टा कसा पांढराशुभ्र झाला. त्याने तो उजेडात धरून बघितला आणि खूश होऊन परत लावायला गेला.

लावायचा कुठवर?

तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय पुसलं. आता अंदाजच. लाँड्रीवाल्याच्या हाताला एकच अंदाज ठाऊक, कापड ताठ हवं. त्याने पट्टा ताठ ओढून लावला आणि समोर बसून लाथांची वाट बघू लागला. उजवा पाय हलला, पुन्हा हलला. डावा जिथल्या तिथे. त्याने तळव्याला गुदगुल्या केल्या, गाणं म्हटलं, शेवटी हात जोडले. डावा ढिम्म.

त्याने बायकोला फोन लावला. "अगं, रागावू नकोस," एवढ्यावरच तिने ओळखलं. "दवाखान्यात पळा, मी आलेच," ती ओरडली.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. तो मुलीला छातीशी धरून दुकान उघडं टाकून धावला.

"खूण कुठे गेली?" सिस्टरांनी विचारलं.

"काढली."

"काढली? हा मार्कर कशानेच जात नाही."

"जातो," तो म्हणाला, आणि इतक्या संकटातही आवाजात थोडा रुबाब आला. त्याची त्याला लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी आधी पट्टा सैल केला आणि मग त्याची बिनपाण्याने केली. मग खुब्यावर गार जेल लावून सोनोग्राफी झाली. करड्या पडद्यावर एक गोल दिसला.

"गोल जागेवर आहे. नशीब समजा," बाई म्हणाल्या. "पण पाय अजून हललेला नाही."

"नाहीच हलला तर?"

"तर पट्टे काढून ठेवायचे, नस बरी होईपर्यंत. तेवढ्यात गोल पुन्हा निसटला, तर कंबरेपासून प्लास्टर."

माझा पाय घ्या, दोन्ही घ्या, पण हिचा हलू दे, असं तो मनात कुणाला तरी सांगत होता. मुलगी मात्र त्याच्या कडेवर पेंगत होती. बाईंनी तळवा खाजवला. काही नाही. सिस्टर पट्टा बेताने लावून त्यावर नवी खूण करायला मार्कर उघडून वाकल्या.

तेवढ्यात जिन्यावरूनच आवाज आला, "कुठंय माझी पोर? आणि कुठंयत ते स्वच्छतेचे पुतळे?"

मुलीने डोळे उघडले. आईचा आवाज! डावा गुडघा ताडकन सरळ झाला, मार्करवर लाथ बसली आणि बापाच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर खिशापासून पोटापर्यंत निळी रेघ उमटली.

"हाच पाय ना?" त्याने विचारलं.

"हाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या.

बायको आत आली. त्याला फाडून खायचा तिचा बेत होता, पण शर्टाकडे आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून तिने तो घरी जाईपर्यंत लांबणीवर टाकला. घरी मात्र काही बाकी ठेवलं नाही.

त्यानंतर दर तपासणीला तो तोच शर्ट घालून जायचा. कडक इस्त्री, आणि मधोमध निळी रेघ. दुकानातही घालायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने आपला कोट काउंटरवर ठेवला, शर्टाकडे बघितलं आणि कोट हळूच परत उचलला.

"हा डाग तुम्हालाही निघाला नाही वाटतं?"

"निघतो की," लाँड्रीवाला म्हणाला. काउंटरमागे टोपलीत मुलगी दोन्ही पायांनी धडाधड लाथा झाडत होती. "पण काढायचा नाही."